लिक्वामेन : सॉस, सार की खार?

विचारणा अशी आहे : आपिकिउसच्या नावावर असलेल्या रोमन पाककृतींपैकी उकडलेल्या माशावरच्या रश्शाची कृती घरी करून मराठीत लिहायची आहे. तिच्यातल्या 'लिक्वामेन'ला काय म्हणावं? 'सडवलेल्या माशांचा सॉस' चालेल का?

'सडवलेल्या' आधी काढा. माशांना बक्कळ मीठ लावून ते महिना-दोन महिने उन्हात ठेवत. मिठामुळे कुजणं टळतं आणि माशाच्या आतड्यांतली पाचक द्रव्यं मांस विरघळवतात. याला आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे : मुरणं. रोमन तत्त्ववेत्ता सेनेकाने गारुमला (असाच मुरवलेल्या माशांचा रस) नाकं मुरडली होती खरी, पण त्याचं एकूण चैनीशीच वाकडं. स्वयंपाकघरात त्याचं कशाला ऐकायचं?

'सॉस' म्हटलं की टोमॅटोचा दाट सॉस डोळ्यांपुढे येतो. सार आणि कढण तर चुलीवरचे पदार्थ. मला 'मासळीचा खार' पटतो. लोणच्याच्या बरणीत फोडींभोवती सुटतो तो खार. चमचाभर भाजीत घातला तर मीठ बेतानंच टाकावं लागतं. लिक्वामेनचं कामही तेच. तुमच्या कृतीत मिरी, जिरं, ओरेगानो, कांदा, खजूर, मध, व्हिनेगर, मोहरी, तेल सगळं आहे, वेगळं मीठ मात्र नाही. 'खार' वाचलं की करणाऱ्याचा हात आपसूक आखडेल. तळाशी उरणारा 'आलेक' म्हणजे साका.

'गारुम' तसाच ठेवा, फक्त 'गा' दीर्घ लिहा, नाहीतर लोक 'गरम' वाचतील! पुढे 'गारुम' आणि 'लिक्वामेन' या दोन शब्दांची बरीच सरमिसळ झाली. पॉम्पेईतल्या स्काउरुस या गारुमच्या व्यापाऱ्याच्या घरी फरशीवरच्या मोझेइकमध्ये त्याच्या मालाच्या बरण्या काढल्या आहेत. एकीवरच्या मजकुराचा अर्थ 'स्काउरुसच्या बांगड्याच्या गारुमचं फूल' असा होतो. फूल म्हणजे वरचा, उत्तम माल. (बांगडा आपला नव्हे, पण त्याच कुळातला.)

करताना लिक्वामेनऐवजी थाई नाम प्ला किंवा इटलीतल्या चेतारा गावची कोलातुरा वापरा, दोन्ही माशांचेच खार. कृतीतल्या लिगुस्टिकुम (लव्हेज) या सुगंधी पाल्याच्या जागी सेलरीची पानं चालतील. दुसऱ्या कृतींत 'लासेर' म्हणजे सिल्फिउमचा चीक भेटला, तर मूळ सिल्फिउम वनस्पती प्राचीन काळीच दुर्मीळ होऊन नाहीशी झाली आणि रोमन लोक तिच्याऐवजी पूर्वेकडून येणारा हिंग वापरू लागले. तिथे बेधडक 'हिंग' लिहा.