पायाची सूज, कोरडी ढास आणि जिभेखालची गोळी : वाचकांचे प्रश्न

रक्तदाब आणि हृदयविकाराच्या नेहमीच्या गोळ्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत. गोळी आणि तिचं प्रमाण बदलायचं ते आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच.

आईचं वय ६८. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू होती, दोन महिन्यांपूर्वी १० केली. बीपी आता छान राहतं, पण संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो. मेडिकलमधून लघवीची गोळी आणून चार दिवस दिली. सूज हलली नाही, उलट पोटऱ्यांत गोळे यायला लागले. किडनी बिघडली असेल का? (सोलापूर)

गोळी ५ वरून १० झाली आणि त्यानंतर सूज आली, म्हणजे पहिला संशय गोळीवरच जातो. अ‍ॅम्लोडिपिन धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही. कॅल्शियम नसलं की स्नायू आवळले जात नाहीत, बारीक धमन्या सैलावतात आणि दाब उतरतो. शिरा मात्र त्या मानाने सैलावत नाहीत. नळ मोठा सोडला आणि मोरीचं तोंड तेवढंच राहिलं की पाणी मोरीत तुंबतं. तसाच केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून आजूबाजूच्या मांसात उतरतं. दिवसभराच्या उभ्याने ते घोट्यापाशी साठतं, रात्री पाय आडवे झाले की ओसरतं.

शरीरातलं एकूण पाणी इथे वाढलेलंच नसतं. म्हणून लघवीची गोळी या सुजेवर फारशी चालत नाही. ती रक्तातलं मीठ, पोटॅशियम आणि पाणी मात्र काढून नेते. पोटऱ्यांतले गोळे बहुधा त्याचेच. ती गोळी पुढे देऊ नका. सोडियम-पोटॅशियमची तपासणी करून घ्या, कारण साठीपुढच्या बायकांमध्ये या गोळ्यांनी सोडियम घसरून चक्कर, गोंधळ, तोल जाणं असे प्रकार पुष्कळ वेळा होतात. एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी आणि तिच्या त्रासावर तिसरी, ही साखळी आपल्याकडे फार सहज सुरू होते.

मग करायचं काय? ही सूज डोसावर अवलंबून असते. औषधाच्या चाचण्यांत ५ मि.ग्रॅ.वर शंभरात तिघांना ती आली, १० वर साधारण दहांत एकाला, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा १० ची पुन्हा ५ करतात आणि जोडीला टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या गटातली गोळी देतात. हा गट शिराही थोड्या सैलावतो, म्हणजे मोरीचं तोंडही मोठं होतं. दाब उतरतो आणि सूजही कमी होते. सिल्निडिपिनवर बदलणं हा दुसरा मार्ग, तिच्याने सूज कमी येते. अ‍ॅम्लोडिपिन शरीरात बराच काळ रेंगाळते, तिची निम्मी मात्रा उतरायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे बदल केल्यावर सूज दुसऱ्याच दिवशी गेली नाही म्हणून धीर सोडू नका, एक-दोन आठवडे द्या. याच औषधाने काहींच्या हिरड्याही वाढतात. तसं दिसलं तर दाताच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

सूज एकाच पायाला असेल आणि पोटरी दुखत असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल, किंवा सकाळी डोळ्यांभोवती फुगवटा आणि लघवीला फेस असेल, तर मात्र अ‍ॅम्लोडिपिनवर ढकलून मोकळं होऊ नका. त्या तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तपासणी लगेच हवी. साखरेसाठी पायोग्लिटाझोन किंवा नसांच्या दुखण्यासाठी प्रिगाबालिन चालू असेल तर तेही सांगा, त्यांनीही पाय सुजतात.

रॅमिप्रिल सुरू केल्यापासून तीन आठवडे कोरडा खोकला आहे. रात्री ढास लागते. खोकल्याची दोन औषधं संपली. (चिपळूण)

तिसरी बाटली आणू नका. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल या गोळ्या ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, तो दोन कामं करतो : रक्तवाहिन्या आवळणारा अँजिओटेन्सिन-२ तयार करतो आणि ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य मोडतो. पहिलं काम थांबल्याने बीपी उतरतं. दुसरं थांबल्याने ब्रॅडिकायनिन साठतं, घशाला सारखी खाज सुटते आणि ढास लागते. सिरप यावर काय करणार? (गंमत म्हणजे या गटाचा सुगावा लागला तो ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाच्या विषामुळे. त्या विषातली द्रव्यं हाच विकर बंद पाडत होती.)

डॉक्टर टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा ओल्मेसार्टन देतील. ती विकराला हात न लावता अँजिओटेन्सिनला त्याच्या जागेवर अडवतात, त्यामुळे खोकला सहसा येत नाही. बदलल्यावर ढास एक ते चार आठवड्यांत थांबते, क्वचित तीन महिनेही रेंगाळते. पण दोन आठवड्यांवरचा खोकला म्हटल्यावर आपल्याकडे टीबीसाठी थुंकीची तपासणी सुटता कामा नये. कफ पडतोय, संध्याकाळी कणकण आहे, वजन उतरतंय, यांतलं काहीही असलं तर ती आधी.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र थेट रुग्णालय गाठा, आणि रॅमिप्रिलच्या गटातली गोळी पुन्हा आयुष्यात घ्यायची नाही. या दोन्ही गटांची गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि पोटॅशियम बघतात. क्रिएटिनिन आधीपेक्षा ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर सहसा गोळी थांबवत नाहीत. गरोदरपणात दोन्ही गट चालत नाहीत.

गावाला गेलो, मेटोप्रोलॉल घरी राहिली. चौथ्या दिवशी छातीत धडधड, बीपी १७०. गोळी सोडल्याने होतं का? (यवतमाळ)

होतं. ही गोळी हृदयावरच्या अ‍ॅड्रिनॅलिनच्या जागा अडवून धरते. महिनोन् महिने जागा अडलेल्या राहिल्या की शरीर जास्तीच्या जागा तयार करतं. गोळी एकदम थांबली की त्या सगळ्या एकाच वेळी उघड्या पडतात. हृदयाच्या धमनीत अडथळा असलेल्या माणसाला यातून झटकाही येऊ शकतो, म्हणून ही गोळी बंद करायचीच असेल तर एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने करतात. प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये असला तर तालुक्याच्या गावातही ती मिळते. सावकाश विरघळणारी असेल तर कुटून किंवा चावून घेऊ नका, दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. मधुमेह्यांनी एक लक्षात ठेवा : साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर ही गोळी झाकते, घाम मात्र सुटतोच. घाम सुटला की साखर तपासा.

घरात सॉर्बिट्रेट आणून ठेवली आहे. शेजारी कुणाच्या छातीत दुखलं तर जिभेखाली द्यावी ना? (पुणे)

ज्याला डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे त्याला, बाकीच्यांना नाही. पाकिटात सॉर्बिट्रेट बाळगण्याची पद्धत मराठी घरांत चांगलीच रुजली आहे, आणि तिच्यामुळे अर्धा-अर्धा तास फुकट जातो हे वाईट.

ही गोळी शिरा सैलावते. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदयाचं काम हलकं होतं आणि चालताना येणारी कळ थांबते. रक्ताची गुठळी अडकून झटका आला असेल तर ती गुठळी मात्र हिने विरघळत नाही. शिवाय काही झटक्यांत हृदयाचा उजवा भाग सापडलेला असतो. तेव्हा परतणारं रक्त कमी झालं की बीपी धाडकन कोसळतं. वरचं बीपी ९० च्या खाली असेल, किंवा माणसाने गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल अथवा ४८ तासांत टाडालाफिल घेतली असेल, तर देऊच नये. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात, लाजू नये.

शेजाऱ्याच्या छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात किंवा जबडा भरून आलाय, तर आधी १०८ ला फोन. माणसाला बसवा, चालवू नका, जिने उतरवू नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि रक्तस्रावाचा त्रास नसेल तर साधी अ‍ॅस्पिरिन ३०० ते ३२५ मि.ग्रॅ. चावून खायला द्या. घरात ७५ च्याच असतील तर चार, त्याही चावूनच. वरचं आवरण तसंच गिळलं तर औषध उशिरा उतरतं.

ज्यांना सॉर्बिट्रेट लिहून दिली आहे त्यांनी बसून एक ५ मि.ग्रॅ.ची जिभेखाली ठेवावी, गिळू नये. डोकं ठणकलं तर घाबरू नका, डोक्यातल्या वाहिन्याही सैलावतात. पाच मिनिटांत कळ कमी झाली नाही किंवा वाढली, तर दुसऱ्या गोळीचा परिणाम बघत न बसता १०८. आणि गोळीने बरं वाटलं म्हणजे दुखणं हृदयाचंच होतं किंवा नाही वाटलं म्हणजे गॅसच होता, असा निष्कर्ष काढू नका. अन्ननलिकेची कळही हिने थांबते.

याच कुळातली मोनोनायट्रेट २० ची गोळी दिवसातून दोनदा असेल, तर ती सकाळी ८ आणि दुपारी ३ अशीच लिहिलेली असते. घरातले लोक सोयीसाठी ती सकाळ-रात्र करून टाकतात. शरीराला या औषधाची झपाट्याने सवय होते. रोज दहा-बारा तास रक्त त्यापासून मोकळं राहिलं नाही तर गोळी चालेनाशी होते.

पाच महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला. दाढ काढायची आहे. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल किती दिवस बंद ठेवू? (नाशिक)

एकही दिवस नाही, निदान स्वतःहून नाही. अ‍ॅस्पिरिन रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट या पेशीतला एक विकर कायमचा बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तो तिला पुन्हा बनवता येत नाही, आणि तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. म्हणून दाढेच्या आदल्या दिवशी गोळी टाळून रक्तस्रावात काहीच फरक पडत नाही. आठवडाभर टाळली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका, जो दाढेच्या रक्तापेक्षा कितीतरी मोठा. एका दाढेचा रक्तस्राव गॉज अर्धा तास घट्ट चावून धरून आणि लागला तर टाका घालून थांबतो. स्टेंटची तारीख दाताच्या डॉक्टरांना सांगा, ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलतील.

दाढेनंतर दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन आधी घेतली तर ती अ‍ॅस्पिरिनची जागा अडवून बसते, आणि दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव करतात तो वेगळाच. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर नाव बघा : ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल यकृतात क्लोपिडोग्रेलला कामाच्या रूपात बदलू देत नाहीत. त्याऐवजी पँटोप्राझोल मागा.

अँजिओप्लास्टीनंतर अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० चालू आहे. एलडीएल १४० चं ६८ झालं. आता बंद करू? मांड्याही दुखतात. (ठाणे)

एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणि ६८ हा गोळीचा आकडा आहे. यकृताची कोलेस्टेरॉल बनवण्याची वाट ती अडवते, मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. बंद केली की काही आठवड्यांत आकडा परत १४० कडे. अँजिओप्लास्टी झालेल्याने तर ७० च्याही खाली राहावं.

दुखणं दोन्ही मांड्यांत सारखं आहे का, गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर आलं का, हे बघा. सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासा. थायरॉइड मंद असेल तर स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही चढतं. लंडनमध्ये ६० जणांवर झालेल्या आणि २०२० साली छापून आलेल्या प्रयोगात स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासापैकी ९० टक्के त्रास नकली गोळीवरही झाला. त्रास खोटा नसतो, पण त्याला दर वेळी गोळीच जबाबदार असते असं नाही. लघवी कोकमाच्या सरबतासारखी गडद झाली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक गोळी लिहून मिळाली तर अ‍ॅटोर्वास्टॅटिन चालू असल्याचं सांगा. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तातलं स्टॅटिन चढतं.

कृत्रिम झडप आहे, असिट्रॉम घेतो. जुलाबावर मेट्रोनिडॅझोल घेतली आणि आयएनआर २.८ चा ५ झाला. पालेभाज्या तर बंदच आहेत! (कोल्हापूर)

पालेभाज्या बंद केल्या हेही एक कारण. असिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते, आणि आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. आहारात के कमी, वर जुलाबामुळे खाणं कमी, आणि मेट्रोनिडॅझोल यकृतात असिट्रॉमचा निचरा अडवते. तिन्ही एका दिशेला. फ्लुकोनाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनही असंच करतात. असं औषध घ्यावंच लागलं तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर तपासा, आणि औषध संपल्यावर पुन्हा.

मेथी, पालक, शेपू खा, फक्त आठवड्याला साधारण सारख्या खा. श्रावणात रोज पालेभाजी आणि नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा असं झालं की आकडा आधी पडतो, मग चढतो. गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्या. राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. शौचाला काळं होणं, हिरड्यांतून रक्त न थांबणं, किंवा डोक्याला मार लागणं, मग बाहेरून काही दिसो न दिसो, यांत आयएनआरच्या रिपोर्टची वाट न बघता रुग्णालयात जा आणि असिट्रॉमचं पाकीट बरोबर घ्या.