टँक मळका, पाणी स्वच्छ : ब्रिसलनोजच्या पिल्लांबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांमधले बरेचसे ब्रिसलनोज प्लेकोच्या पिल्लांचेच निघाले, म्हणून बाकीचे मासे पुढच्या वेळी, आज फक्त हे मिशीवाले, म्हणजे टँकमधलं शेवाळ खरवडून खाणारे, तोंडाने काचेला चिकटणारे छोटे मासे.

प्रश्न : ताई, मातीच्या पाइपात नारिंगी अंड्यांचा घोस दिसला. नर चार दिवस आतच बसलाय, खायलापण बाहेर येत नाही. उपाशी मरेल का? अंडी काढून वेगळी ठेवू का?

नको, हात लावू नका. तो उपाशी मरत नाही हो, बापाची ड्युटी चालू आहे त्याची. शेपटी आणि पंख हलवून तो अंड्यांवरून सतत पाणी फिरवत असतो, त्यानेच अंड्यांना ऑक्सिजन मिळतो आणि फंगस धरत नाही, आणि खराब झालेलं अंडं तोंडाने साफही करतो. आपण एअर पंप लावून हेच करायला जातो पण त्याच्याइतकं छान काही जमत नाही. पाणी 26 डिग्रीच्या आसपास असेल तर साधारण पाचेक दिवसांत अंडी फुटतात, थंड असेल तर आठ-दहा दिवसही लागतात. तोवर दर तासाला टॉर्च मारून आत डोकावायचं नाही (मला माहितीये तुम्ही मारताय) आणि पाइप जागचा हलवायचा नाही. मादीचं काम अंडी घालून संपलं, ती मजेत फिरत असेल, तिची काळजी नको.

प्रश्न : आमच्याकडे उलटंच झालं, नराने सगळी अंडी बाहेर ढकलून दिली. आता काय?

नर नवखा असला की पहिल्या एकदोन वेळेला होतं असं. किंवा गुहेचं (म्हणजे नर अंडी राखतो त्या पाइपाचं किंवा पोकळीचं) तोंड फार मोठं असतं, मग दुसरे मासे आत घुसतात आणि त्याला राखण करता येत नाही. गुहा कशी हवी तर एक बाजू बंद आणि नर आत शिरला की जेमतेम मावेल एवढीच.

बाहेर पडलेली अंडी वाचतात. त्याच टँकमध्ये जाळीचा ब्रीडर बॉक्स लटकवा, अंडी त्यात ठेवा आणि जवळ एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) असा लावा की अंडी हलकेच डोलत राहतील, गरागरा फिरायला नकोत. पांढरं पडलेलं अंडं दिसलं की ड्रॉपरने उचलून टाका, नाहीतर त्याचं फंगस शेजारच्यांना लागतं. मिथिलीन ब्लू (फंगसवरचं निळं औषध) घालायचं असेल तर वेगळ्या डब्यात घाला, मेन टँकमध्ये घातलंत तर फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतील आणि मग पिल्लं आली की अजून मोठी पंचाईत.

प्रश्न : पिल्लं निघालीत, पण प्रत्येकाच्या पोटाला पिवळा गोळा लटकतोय. आजारी आहेत का? खायला कधी द्यायचं?

तो त्यांचा शिधा आहे! त्या पिशवीतलं संपेपर्यंत त्यांना दुसरं काही लागत नाही, टाकलंत तर ते नुसतं कुजेल. साधारण आठवडाभरात गोळा आटतो, पिल्लं सेंटीमीटरभराची होतात आणि गुहेतून बाहेर येऊन काचेला चिकटायला लागतात, तेव्हापासून भूक सुरू. पहिल्या दिवशी उकळत्या पाण्यातून काढून मऊ केलेली झुकिनी किंवा काकडीची चकती, पालकाचं पान, सालं काढलेला मटार असं काहीतरी, आणि सोबत अल्गी वेफरचा (शेवाळ खाणाऱ्या माशांसाठी मिळणाऱ्या चकतीचा) छोटा तुकडा. नुसत्या काकडीवर ठेवू नका, तिच्यात पाणीच जास्त, पिल्लं दिवसभर चघळत बसतात आणि वाढत नाहीत. वेफर हवाच, त्यातून थोडं प्रोटीनपण मिळतं. ड्रिफ्टवुडचा (टँकमध्ये ठेवायच्या लाकडाचा) एक तुकडा आत असू द्या, त्याच्यावर जो बुळबुळीत थर धरतो तो ती खरवडून खातात. आणि मुख्य खाणं लाइट बंद केल्यावर द्या, हे रात्रीचे प्राणी.

प्रश्न : पिल्लं दोन आठवडे छान होती, आता रोज तीन-चार मरताहेत. पाणी एकदम क्लिअर आहे, टँक नवा आणि स्वच्छ आहे, खास त्यांच्यासाठी घेतला. औषध कोणतं टाकू?

औषध कोणतंच नको. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, टँक नवा आणि स्वच्छ आहे!

माझी पहिली बॅच अशीच गेली. चाळीसेक पिल्लं होती, मी हौसेने चकचकीत घासलेल्या टँकमध्ये हलवली, खाली वाळूपण नाही, काचेवर एक डाग नाही, आणि दहा दिवसांत सात उरली. तेव्हा कळलं की यांच्यासाठी टँक मळका लागतो आणि पाणी स्वच्छ, आपण नेमकं उलटं करून ठेवतो. काचेवरचं शेवाळ, लाकडावरचा थर हे त्यांचं चोवीस तासांचं ताट, नव्या टँकमध्ये ते नसतंच. आणि नव्या फिल्टरमध्ये बॅक्टेरिया नसतात, त्यामुळे विष्ठा आणि उरलेली भाजी यांचा अमोनिया तसाच साठतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखं क्लिअर असूनही पिल्लं मरतात. टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट बघा, दोन्ही शून्य पाहिजेत, शून्याच्या वर काहीही आलं तर मरण्याचं कारण तेच समजा.

आता लगेच काय करायचं तर जुन्या टँकमध्ये परत हलवता येत असतील तर हलवा. नसेल जमत तर जुन्या टँकचा चालू स्पंज फिल्टर उचलून नव्यात लावा, शेवाळ धरलेला एखादा दगड, लाकूड तिकडून आणा. रोज पाव टँक पाणी बदला, नळाचं पाणी क्लोरीन काढून आणि टँकच्याच तापमानाचं करून घाला. स्पंज पिळायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात, नळाखाली धुतला तर बॅक्टेरिया मेले. भाजी रात्री टाकलीत तर सकाळी उचला, मऊ होऊन पसरायला लागलेली चकती म्हणजे अमोनियाची फॅक्टरी.

आणि मेलेलं शोधा. एवढंसं पिल्लू मेलं की बाकीचे त्याच्यावर चरतात, किंवा ते कुठेतरी फटीत कुजतं, तुम्ही तीन-चार मोजताय पण जास्तही असू शकतील.

उरलेल्यांची पोटं बघा, पिल्लं काचेला चिकटली की बाहेरून दिसतात. गोल भरलेलं पोट म्हणजे ठीक, आत गेलेलं म्हणजे उपाशी. उपासमार आणि घाण पाणी, बहुतेक पिल्लं या दोनच गोष्टींनी जातात, आणि एकाचा उपाय करायला गेलं की दुसरं वाढतं. जास्त खाऊ घातलं की पाणी बिघडतं, म्हणून कमी घातलं की पोट खपाटीला. यातून सुटका नाही, भरपूर घालायचं आणि भरपूर पाणी बदलायचं. ज्याला रोज बादली उचलायचा कंटाळा आहे त्याने पिल्लांच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : टँकमध्ये एंजलफिश आहेत, खातील का? ब्रीडर बॉक्समध्येच मोठी करू?

एंजल नक्की खातील. गप्पी, लहान टेट्रा असते तर फारशी भीती नव्हती. बॉक्समध्ये पहिले तीन-चार आठवडे ठेवा, पण आतून पाणी खेळतं राहायला हवं आणि तळ रोज साफ करायला हवा, नाहीतर तिथेच सगळा गाळ साठतो. फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंज बसवा, पिल्लं आत ओढली जातात.

प्रश्न : एकाच बॅचची आहेत, काही बोटाच्या पेराएवढी झाली आणि काही अजून तांदळाएवढीच, असं का?

मोठी आहेत ती चकतीवर बसून राहतात आणि लहानांना ढुशा देतात. एकाच जागी खायला न घालता चार कोपऱ्यांत घाला. तरी फरक राहिला तर छोटी वेगळी काढा, हळूहळू भरून येतात.

प्रश्न : नर-मादी कधी कळतं? आणि आता साठ पिल्लं झालीत, एवढ्यांचं करायचं काय?

सहा-सात महिन्यांच्या पुढे नराच्या नाकावर, कपाळावर केस फुटायला लागतात, मादीला नसतात किंवा तोंडाच्या कडेला बारीकसे असतात. त्याआधी जो सांगतो तो अंदाजपंचे सांगतो.

साठ पिल्लं एका टँकमध्ये मोठी होणार नाहीत. तीनेक सेंटीमीटरची झाली आणि भाजी-वेफर नीट खायला लागली की ओळखीच्या मासे पाळणाऱ्यांना द्या, देताना सांगा की हा बारा-पंधरा सेंटीमीटरचा होतो आणि नुसत्या शेवाळावर जगत नाही. नदी-तलावात मात्र सोडू नका. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, यांचा मोठा भाऊ साधा प्लेको, ज्याला सकर म्हणतात, असाच लोकांनी सोडून सोडून अनेक देशांच्या नद्यांमध्ये पसरलाय.

पुढची बॅच नको असेल तर नर-मादी वेगळे करा. लोक गुहा काढून टाकतात, मीपण काढली होती, तर नराने फिल्टरच्या मागच्या फटीत संसार थाटला.