वाचकांचे प्रश्न : कचरा डेपोचा तळ, फ्लाय अ‍ॅश आणि वाट काढणारं पाणी

आमच्या नगरपरिषदेच्या कचरा डेपोला तळाशी १.५ मिमी जाडीचा एचडीपीई (घट्ट प्लास्टिकचा) कागद आणि त्याखाली ९० सेंमी मातीचा थर सांगितला आहे. ठेकेदार म्हणतो, एवढा जाड कागद असताना मातीवर खर्च कशाला? आणि घालायचीच तर जागेवरची काळी माती का नको? — नगरपरिषद अभियंता, यवतमाळ जिल्हा

ठेकेदाराला आधी हिशेब दाखवा. तळावर लीचेट, म्हणजे कचऱ्यातून उतरणारं काळं पाणी, ३० सेंमी साचलं आहे असं धरू. कागदाला शर्टाच्या बटणाएवढं, १ चौरस सेंमीचं, एकच भोक पडलं आणि खाली मोकळी खडी असली, तर त्यातून दिवसाला सुमारे साडेबारा हजार लिटर पाणी निघून जाईल. तेच भोक नीट दाबलेल्या मातीवर असेल आणि कागद मातीला चिकटून बसला असेल, तर दिवसाला अर्धा लिटर. चिकटलेला नसेल तर तीनेक लिटर. आता कागद काढून टाका आणि फक्त ९० सेंमी माती ठेवा, तर हेक्टरी रोज साधारण ११५० लिटर झिरपतात. म्हणजे दोघंही एकेकटे लंगडे आहेत. कागदाला भोक पडणारच, आणि ते भोक बुजवण्याचं काम खालची माती करते. २०१६ च्या घनकचरा नियमांत दोन्ही एकत्र मागितले होते ते यासाठीच. भूजलाची सर्वांत वरची पातळीही मातीच्या थराच्या तळापासून निदान २ मीटर खाली हवी. ही अट जागा निवडतानाच तपासा, खोदल्यावर नव्हे.

नियमातली मातीची मर्यादा आहे सेकंदाला सेंटिमीटरचा एक कोट्यंश, म्हणजे वर्षाला जेमतेम ३ सेंमी. हा आकडा प्रयोगशाळेत सहज येतो आणि साइटवर सहज हुकतो. दहापट चुकला तर वरचे ११५० लिटर ११,५०० होतात. हुकण्याचं मुख्य कारण ढेकळं. रस्त्याच्या भरावात आपण घनता मोजतो आणि माती जराशी कोरडी असली तरी रोलर फिरवून ती कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांवर आणतो. मग घनता पास होते, पण ढेकळांच्या मधल्या फटी तशाच राहतात आणि पाणी तिथून जातं. इथे रस्त्याची सवय सोडायची आणि भातखाचर आठवायचं. कोकणात चिखलणी करतात ती खाचरात पाणी टिकावं म्हणूनच. तुडवल्याने ढेकूळ मोडतं आणि फटी पुसल्या जातात. मातीच्या थरात तेच काम पायांचा, म्हणजे शीपफूट, रोलर करतो. गुळगुळीत ड्रमचा रोलर नको. तो वरचा पापुद्रा चोपतो आणि खाली ढेकूळ शाबूत राहतं.

ओलावा प्रॉक्टर चाचणीतल्या इष्टतम ओलाव्यापेक्षा (ज्यावर माती सर्वांत घट्ट दाबली जाते) २ ते ४ टक्के जास्त ठेवा, म्हणजे वाफशापेक्षा अंमळ ओली. ढेकळं २५ मिमीपेक्षा लहान करा आणि पाणी मारून माती रात्रभर मुरू द्या; टँकरने पाणी मारून तासाभरात रोलर घातला तर ढेकळाचा गाभा कोरडाच राहतो. दाबल्यावर १५ सेंमी भरेल असा थर, असे सहा. प्रत्येक थराचा माथा खरवडून मगच पुढचा टाका, नाहीतर दोन थरांच्या सांध्यातून पाणी आडवं पळतं. बाजूचा उतार १:३ पेक्षा उभा असेल तर रोलर चढत नाही आणि तिथलं काम कच्चंच राहतं. घनता तपासायला पाडलेली भोकं बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) मिसळलेल्या मातीने ठोकून बुजवा. हे काम हमखास विसरलं जातं.

आता काळी माती. पाझराच्या बाबतीत ती पासच आहे. अडचण आकसण्याची आहे. उन्हाळ्यात यवतमाळात चार दिवस उघडी पडली की तिला बोट जाईल अशा भेगा पडतात, आणि त्या पुन्हा पाणी मारल्याने पूर्ण मिटत नाहीत. दाबलेला नमुना वाळवून त्याचं आकारमान किती कमी होतं ते पाहा. ४ टक्क्यांच्या आत असेल तर घ्या. नसेल तर वाळू किंवा बारीक मुरूम २०, ३०, ४० टक्के मिसळून तीन नमुने करा, प्रत्येकाची आकसण आणि पाझर दोन्ही मोजा, आणि दोन्हींत बसणारं सर्वांत कमी प्रमाण ठेवा. चुना मात्र घालू नका. रस्त्याखालच्या काळ्या मातीला तो उत्तम, पण त्याने चिकणमातीचे कण गोळ्या-गोळ्यांनी एकत्र येतात आणि पाझर वाढतो.

कागद अंथरण्याची वेळ पहाटेची. काळं एचडीपीई उन्हात फुगतं. सकाळच्या २५ अंशांवरून दुपारी ७० अंशांवर गेलं की ५० मीटरचा पट्टा ३० ते ४५ सेंमी वाढतो आणि त्याच्या सुरकुत्या उभ्या राहतात. त्यांच्यावर दुपारी खडी लोटली तर सुरकुतीखाली कायमची पोकळी राहते, आणि तिथे भोक पडलं की पाणी सुरकुतीच्या पूर्ण लांबीभर मातीवर पसरतं. वरचा अर्ध्या लिटरचा हिशेब मग विसरा. जोड दुहेरी वेल्डचा घ्या. दोन वेल्डमधल्या पोकळीत सुईने सुमारे २ किलो प्रति चौरस सेंमी दाबाची हवा भरून ५ मिनिटं काटा पाहा, आणि शेवटी दुसऱ्या टोकाला कापा. हवा फुस्स करून निघाली तर पूर्ण जोड तपासला गेला. काटा पडला नाही आणि हवाही निघाली नाही, तर मधे पोकळी बुजली आहे आणि पुढचा भाग तपासलाच गेलेला नाही. कागदावर आपली अणकुचीदार गिट्टी थेट टाकू नका. मधे जाड नॉनवोव्हन जिओटेक्स्टाइल, म्हणजे न विणलेलं कृत्रिम धाग्यांचं कापड, घाला.

फ्लाय अ‍ॅशमध्ये, म्हणजे वीज केंद्रातल्या कोळशाच्या बारीक राखेत, बेंटोनाइट मिसळून तळाच्या थरासाठी प्रयोग करते आहे. पाण्याने पाझर मर्यादेत आला, पण लीचेट सोडल्यावर काही आठवड्यांत तो वाढत गेला. चाचणीत चूक आहे का? — एम.टेक.ची विद्यार्थिनी, पुणे

चाचणीत चूक नाही. उलट चाचणीने आपलं काम केलं. सोडियम बेंटोनाइट फुगतो तो त्याच्या पापुद्र्यांमधल्या सोडियममुळे. पाण्यात कॅल्शियम असेल तर सोडियमची जागा कॅल्शियम घेतो, फुगवटा बसतो आणि कणांमधल्या वाटा मोकळ्या होतात. तुमच्या बाबतीत कॅल्शियम दोन बाजूंनी येऊ शकतो, लीचेटमधून आणि खुद्द राखेतून. म्हणून आधी राखेचा अर्क काढून त्यात कॅल्शियम किती आहे ते मोजा. मग दोन मोजपात्रांत २-२ ग्रॅम बेंटोनाइट टाका, एकात शुद्ध पाणी आणि दुसऱ्यात हा अर्क. शुद्ध पाण्यात चांगला बेंटोनाइट २४ मिली किंवा जास्त फुगतो; अर्कात तो निम्म्यावर आला, तर महिनाभराच्या चाचणीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी हातात आलं.

चाचणी थांबवायची कधी, हा खरा प्रश्न आहे. पाझर स्थिर दिसला म्हणून थांबू नका. नमुन्यातून निदान दोन रंध्र-घनफळं, म्हणजे त्यातल्या पोकळ्या दोनदा भरतील एवढं, पाणी जायला हवं आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता जवळपास सारखी व्हायला हवी. १० सेंमी उंचीचा, ४० टक्के सच्छिद्रतेचा नमुना, पाझर मर्यादेवर, आणि जलीय उतार (पाण्याच्या पातळीतला फरक भागिले नमुन्याची उंची) ३० धरला तर एका रंध्र-घनफळाला पंधरा दिवस लागतात. म्हणजे किमान महिना, आणि वाहकता जुळेपर्यंत बहुधा त्याहून जास्त. घाई म्हणून उतार शंभर-दीडशे करू नका. मऊ नमुना त्या दाबाने आवळला जातो आणि पाझर खोटा कमी दिसतो. लवचीक पडद्याचा सेल वापरा. लोखंडी साच्यात नमुना आकसला तर पाणी भिंतीच्या कडेने निसटतं आणि तुम्ही मातीऐवजी फट मोजत बसता.

राख सोडून द्यायची नसेल तर थोडी वाळू घेऊन दाण्यांची प्रतवारी सुधारून पाहा. नुसता बेंटोनाइट वाढवत नेणं हा महाग उपाय आहे, आणि कॅल्शियमपुढे तो टिकतही नाही.

गावाजवळच्या पुलाच्या जोडरस्त्यात राखेचा भराव केला. पहिल्याच पावसात कडेने घळी पडल्या आणि राख शेतात आली. राखेचा भराव मुळातच चुकीचा आहे का? — एक शेतकरी, नागपूर जिल्हा

राख चुकीची नाही, तिला उघडं ठेवणं चुकीचं. फ्लाय अ‍ॅशला चिकटपणा जवळजवळ नसतो. ओली असताना ती मुठीत घट्ट बसते, पण तो घट्टपणा दाण्यांमधल्या पाण्याच्या ताणाचा आहे. ती पूर्ण भिजली किंवा पूर्ण वाळली की तो जातो. मग पहिल्या स्थितीत ती वाहते आणि दुसऱ्या स्थितीत उडते. २०२२ च्या जुलैत कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा भिजलेली राख कशी धावते ते तुमच्या जिल्ह्याने पाहिलं आहे.

आयआरसी:एसपी:५८ या मार्गदर्शिकेप्रमाणे भरावाच्या दोन्ही कडांना मातीचं आवरण हवं, उंचीनुसार १ ते ३ मीटर रुंद. ते राखेबरोबरच, थरागणिक वर चढवायचं असतं. आधी राखेचा ढीग आणि शेवटी कडेला माती थापणे हा शॉर्टकट. थापलेली माती दाबली जात नाही आणि पहिल्या पावसात घसरते. तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं. घळीच्या तोंडाशी उभं राहून पाहा. माती राखेवर साल चढवल्यासारखी वेगळी सुटली असेल, तर शंका उरत नाही. दुसरी जागा म्हणजे रस्त्याच्या माथ्यावरून येणारं पाणी. कडेला चर आणि उतारावर पक्की नाली नसेल तर सगळं पाणी एकाच ठिकाणी खाली उडी मारतं आणि तिथेच घळ पडते. भरावाच्या तळाशी पाणी साचत असेल तर राख ते केशाकर्षणाने बरीच वर ओढते, म्हणून खाली वाळूचा किंवा खडीचा थर लागतो.

दाबतानाचा ओलावाही मातीसारखा नसतो. राखेला बऱ्याचदा २० ते ३५ टक्के पाणी लागतं. मातीच्या सवयीने १२-१४ टक्क्यांवर रोलर फिरवला तर ती रोलरपुढे पिठासारखी सरकते. दाबलेल्या राखेची घनता घनमीटरला १.० ते १.४ टन, मुरुमाची १.८ ते २.० टन. काळ्या मातीवरच्या उंच भरावाला हा हलकेपणा फार उपयोगी आहे. वीज केंद्रापासून ३०० किमीच्या आतल्या रस्त्यांना राख वापरणं २०२१ च्या अधिसूचनेने बंधनकारक आहे, त्यामुळे ‘राख नको’ अशी मागणी टिकणार नाही. मंजूर नकाशात मातीच्या आवरणाची रुंदी किती दाखवली आहे ते लेखी मागा आणि टेपने मोजा.

फ्लाय अ‍ॅशच्या विटा करतो. महिन्याभरात कडा भुरभुरतात आणि काहींवर पांढरी झाक येते. — लघुउद्योजक, भुसावळ

राख कुठून उचलता? तळ्यातली ओली राख भरड असते आणि तिची चुन्याशी क्रिया मंद होते. चिमणीच्या ईएसपीमधून (धुरातली राख विजेने पकडणाऱ्या यंत्रातून) सुकी मिळणारी घ्या. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त उरू नये आणि न जळलेला कोळसा दाखवणारी दहनहानी ५ टक्क्यांच्या आत असावी. राख ६०, चुरी किंवा वाळू २५, विरवलेला चुना १०, जिप्सम ५ हे सुरुवातीला धरायचं प्रमाण. पुढे आपल्या राखेप्रमाणे हलवा.

पण आमचा पहिला संशय चुन्यावर आहे. गोणी उघडी राहिली की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन निव्वळ चुनखडीची भुकटी होतो. चिमूटभर चुन्यावर हातमोजे घालून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसला तर तो मेलेला चुना. त्याने वीट जुळत नाही. उलट नीट न विरलेला खडा विटेत राहिला तर तो आत फुगून टवका उडवतो, म्हणून दिवसभर विरवून चाळून घ्या. कडा भुरभुरण्याचं दुसरं कारण पाणी मारण्यातली कंजूषी. चुना-राखेची क्रिया सिमेंटपेक्षा सावकाश चालते. पहिले दोन दिवस सावलीत, मग १४ ते २१ दिवस ओली ठेवा, आणि थप्पीच्या बाहेरच्या विटांकडे जास्त लक्ष द्या, कारण त्याच आधी वाळतात. पांढरी झाक क्षारांची. जिप्सम थोडा कमी करा आणि बोअरचं पाणी तपासा. २४ तास बुडवून पाण्याचं शोषण २० टक्क्यांच्या वर गेलं तर ती खेप विकू नका.

राखेच्या टीसीएलपी (विषारी घटक किती सुटतात ते पाहणाऱ्या) चाचणीत ‘धोकादायक नाही’ असा अहवाल आला. विहिरीपासून ५० मीटरवर टाकायला हरकत नाही ना? — ग्रामपंचायत सदस्य, चंद्रपूर जिल्हा

हरकत आहे. त्या चाचणीत आर्सेनिकची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे; पिण्याच्या पाण्याची आयएस १०५०० मधली मर्यादा ०.०१. पाचशेपटीचा फरक. शिवाय टीसीएलपीमध्ये राख अ‍ॅसिटिक आम्लात १८ तास घोळवतात, कारण ती चाचणी कुजणाऱ्या कचऱ्याच्या डेपोचं अनुकरण करते. तुमच्याकडे राखेवर पावसाचं पाणी पडणार आहे, आणि आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम यांची काही रूपं आम्लापेक्षा अल्कधर्मी पाण्यात जास्त सुटतात. त्यामुळे साध्या पाण्यातल्या अर्काचा अहवाल मागा, त्यात आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, क्रोमियम आणि सामू हवेतच. विहिरीचा नमुना राख पडण्याआधी काढून सीलबंद अहवाल दप्तरी ठेवा. नंतर काढलेल्या नमुन्याची तुलना कशाशी करणार?

पोलाद कारखान्याची स्लॅग फरशीखाली भराव म्हणून फुकट मिळते आहे. घेऊ का? — जालना

आधी विचारा, कोणती स्लॅग. लोखंडाच्या झोतभट्टीची आणि पोलादाच्या भट्टीची यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोलादाच्या स्लॅगमध्ये मोकळा चुना राहू शकतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि फरशी उचलतो, कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी. सुरतजवळ हजिऱ्याला अशा स्लॅगचा रस्ता झाला, पण तिथे ती प्रक्रिया करून वापरली होती. फुकटची, ताजी स्लॅग घराच्या जोत्यात नकोच. शेडबाहेरच्या अंगणात टाकायची असेल तर काही महिने उघड्यावर पाणी मारत पडू द्या आणि फुगवट्याची चाचणी झाल्यावरच पसरा.