स्वभाव नव्हे, ठराव

प्रश्न असा आहे: उद्यानं, चौक, इमारतीतल्या सामायिक जागा वेगवेगळ्या देशांतले लोक इतक्या वेगळ्या तऱ्हेने का वापरतात? हा स्वभावाचा फरक आहे का? आणि नव्या देशात राहायला जाणाऱ्याने काय बघावं?

स्वभाव हे उत्तर मला अजिबात पटत नाही. जागा एक आणि वापरणारे अनेक, ही अडचण सगळीकडे सारखीच आहे. ती कशी सोडवायची याचा ठराव मात्र ज्याचा त्याचा वेगळा, आणि बहुतेक वेळा ती वाटणी जागेपेक्षा वेळेची असते.

स्वीडनचंच बघा. तिथल्या अनेक इमारतींत सगळ्या घरांना मिळून कपडे धुण्याची एकच खोली असते, बहुधा तळघरात. बाहेर भिंतीवर एक फळा असतो, त्यावर तारखा आणि वेळांचे रकाने. प्रत्येक घराला स्वतःच्या किल्लीचं एक छोटं कुलूप मिळतं. हवी ती वेळ शोधायची आणि तिथल्या भोकात आपलं कुलूप अडकवायचं. दुसऱ्या कुणाला ते काढता येत नाही. आपली वेळ संपली की मशीन रिकामं हवं, जाळीत अडकलेला कापूस काढलेला हवा, फरशी पुसलेली हवी. यावरून शेजाऱ्यांची चांगलीच जुंपते, आणि फळ्याशेजारी रागावलेल्या चिठ्ठ्या लागतात.

हेच लोक रानात गेले की कुणाच्याही मालकीच्या जंगलातून चालतात, बेरी आणि अळंबी वेचतात, एखादी रात्र तंबू ठोकतात. परवानगी लागत नाही. 1994 पासून या हक्काचा उल्लेख राज्यघटनेतही आहे. कुणाच्या घराजवळ जायचं नाही आणि उभं पीक तुडवायचं नाही, एवढं पाळलं की झालं. तळघरात तासातासाचा हिशेब आणि रानात एवढी मोकळीक! स्वभावावर बोट ठेवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

जर्मनीत रविवारी निवासी भागात गवत कापायचं मशीन चालवायला कायद्याने बंदी आहे. रविवारच्या विश्रांतीला तिथे राज्यघटनेचंच संरक्षण आहे.

स्पेनमध्ये उन्हाळ्यात रात्री अकरालाही लहान मुलं चौकात चेंडू खेळताना दिसतात, आजीआजोबा बाकांवर बसलेले असतात. याला ‘निशाचर स्वभाव’ म्हणणं अन्यायाचं आहे. 1940 साली देशाचं घड्याळ एक तास पुढे नेलं, ते तसंच राहिलं. जूनमध्ये माद्रिदला सूर्य मावळायलाच पावणेदहा होतात, आणि दुपारी तापलेल्या दगडी चौकात कुणी बसूच शकत नाही.

कोलंबियातल्या बोगोटा शहराची वाटणी मला सगळ्यांत आवडते. 1974 मध्ये सुरू झालेल्या प्रथेनुसार तिथे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2 सुमारे 120 किलोमीटर रस्ते मोटारींना बंद असतात. सायकलवाले, पळणारे, स्केट्सवरची पोरं, सगळे तिथे उतरतात. दोननंतर मोटारी परत. रस्ता रुंद करावा लागला नाही की नवं उद्यान बांधावं लागलं नाही.

सगळीकडे हा ठराव सुखाने झालेला नाही. चीनमध्ये निवृत्त बायका संध्याकाळी चौकात ध्वनिवर्धक लावून एकत्र नाचतात. वरच्या मजल्यांवर अभ्यास करणारी मुलं असतात. भांडणं इतकी वाढली की 2022 मध्ये लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या कायद्यात चौकातल्या अशा कार्यक्रमांची जागा, वेळ आणि आवाज यांबाबतचे नियम पाळणं सक्तीचं केलं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. त्या बायकांना घराबाहेर एकत्र यायला दुसरी फुकट जागा कुठे आहे?

सगळ्यांत जास्त अडचण न लिहिलेल्या ठरावाची. डेन्मार्कमध्ये बाळाला बाबागाडीत कॅफेबाहेर झोपवून आईबाप आत बसतात, काचेतून लक्ष ठेवतात. 1997 मध्ये न्यूयॉर्कला एका डॅनिश आईने तेच केलं. आईवडिलांना अटक झाली आणि बाळाला काही दिवस त्यांच्यापासून दूर ठेवलं गेलं. तिच्या शहरात फुटपाथवरची बाबागाडी ही रोजची गोष्ट होती. इथे वाटसरूंना ते सोडून दिलेलं मूल वाटलं.

म्हणून नव्या देशात घर घेताना भाड्याबरोबर सामायिक जागांचे नियमही मागून घ्या. जर्मनीत तर इमारतीची नियमावली बहुधा भाडेकरारालाच जोडलेली असते: शांततेच्या वेळा, जिना कुणी कधी पुसायचा, सायकल कुठे ठेवायची. जे लिहिलेलं नसेल ते शेजाऱ्यांना विचारा, आणि सही करण्याआधी विचारा.