थंडीतच मुंबईची हवा का बिघडते?

प्रश्न: ताई, गाड्यांचा धूर तर बारा महिने असतो, मग आईला खोकला थंडीतच का लागतो?

उत्तर: पावसात धूळ धुऊन जाते हो, पण थंडीत वारा पडतो, जमिनीजवळची गार हवा वर जातच नाही, मग बांधकामांची धूळ, डंपरचा धूर, बेकरीच्या लाकडी भट्ट्या, जाळलेला कचरा, सगळं खालीच साचतं. त्यातले २.५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण सगळ्यात वाईट, नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात आणि तिथून रक्तात, म्हणजे नुसता दमाच नाही तर हार्ट अटॅकचाही धोका. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, या कणांची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपर्यंतच असावी म्हणते, आपल्याकडे सरकारी नियमात ४० चालते, मला हे अजिबात पटत नाही. आईंचा पहाटेचा वॉक बंद करा, ऊन वर आल्यावर जाऊ द्या, खोकला दोन आठवड्यांवर गेला तर डॉक्टरांना दाखवाच.