कागदांची शिस्त आणि अद्भुताची मुभा

पेशवेकालीन कागदपत्रांच्या अभ्यासक आणि कुमार वाचकांसाठी अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या पुण्यातील लेखिकेने वाचकांच्या निवडक प्रश्नांना दिलेली ही उत्तरे.

प्रश्न : आपली कादंबरी वाचल्यापासून माझी बारा वर्षांची मुलगी शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार असल्याचे शाळेत सर्वांना सांगत आहे. शहराच्या पोटातून वाहणारी नदी आणि तिचे राखणदार ही आपली कल्पना आहे, हे मला कळते. तिला ते कळत नाही. आपण इतिहासाच्या अभ्यासक असून ही गल्लत का होऊ देता?
– एक पालक, सहकारनगर

उत्तर : आपली तक्रार योग्य आहे आणि तिची काही जबाबदारी माझ्याकडे येते. कादंबरीतल्या शहराला मी वेगळे नाव दिले असले, तरी पुण्यातल्या मुलांना त्याचे दरवाजे आणि पेठा ओळखू येतात, आणि ओळखीच्या जागी घडलेली गोष्ट खरी वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या मुलीला माझ्या वतीने एवढे सांगावे की, त्या भुयाराचा पुरावा मला एकाही कागदात मिळालेला नाही. मात्र जमिनीखालून शहरात येणारे पाणी पूर्णपणे खरे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून दगडी बांधणीचा बंदिस्त नळ पुण्यात आणला गेला. पाणी केवळ उतारावर खेळवलेले होते. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधून हवा बाहेर जाण्याची आणि गाळ खाली बसण्याची सोय केली होती, आणि शेवटी ते पाणी वाड्यातील कारंज्यांना व पेठांमधल्या हौदांना मिळत असे. भुयारांच्या आख्यायिका बऱ्याच अंशी या नळामुळेच जन्मल्या असाव्यात, असे माझे मत आहे. रस्त्याच्या कामात जमीन खणताना पोकळ दगडी बांधकाम लागले की पाहणाऱ्याला प्रथम पळवाट आठवते, पाणी आठवत नाही.

मुलीला घेऊन एखाद्या रविवारी काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे जिथे आजही बोलण्यात आहेत तिथून हिंडून यावे. त्यांपैकी काही ठिकाणी आता केवळ नाव उरले आहे. तरीही दोन डोंगरांमधले पाणी एका पेठेतल्या घागरीपर्यंत कसे आले असेल, हा प्रश्न तिला पडला, तर माझ्या राखणदारांचे काम झाले असे मी समजेन. पुढच्या आवृत्तीच्या अखेरीस कल्पित काय आणि नोंदलेले काय हे सांगणारी दोन पाने मी जोडणार आहे. ती पहिल्या आवृत्तीतच असायला हवी होती.

प्रश्न : दफ्तरातील रुक्ष कागदांचा अद्भुत कथा लिहिण्यास काही उपयोग होतो का, की ती दोन स्वतंत्र कामे आहेत?
– इतिहासाची एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : माझ्यासाठी ते एकच काम आहे. जुने पत्र वाचताना प्रथम तारीख सोडवावी लागते. ‘छ’ या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्यातली तारीख असते, आणि शुहूर सनाचा, म्हणजे या कागदांतल्या वर्षगणनेचा आकडा अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इसवी सन हाती येतो, कारण हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. ज्या राज्यात वर्ष पावसाच्या तोंडाशी सुरू होते, तिथे मोहिमा, वसुली आणि लग्ने कधी होतील हे पुष्कळसे आपोआप ठरते. माझ्या कल्पित राज्याचे पंचांग मी आधी रचले आणि नायिकेचे नाव नंतर ठेवले.

दुसरी गोष्ट अंतराची. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. त्या वेळी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना तिची बातमी मिळाली ती काही दिवसांनी, एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि चांदी-तांब्याची गणतीच नाही, अशा आशयाचा तो सांकेतिक मजकूर होता. त्या मधल्या दिवसांत एक पिता मजल दरमजल पुढे जात होता आणि त्याचा मुलगा आधीच गेलेला होता. हे मी विद्यार्थिदशेत वाचले तेव्हापासून विसरू शकलेले नाही. माझ्या पहिल्या कादंबरीच्या खर्ड्यात दूरचे दाखवणारा एक आरसा होता. तो मी काढून टाकला, कारण आरसा असेल तर सांडणीस्वार नको, सांकेतिक पत्र नको आणि वाट पाहणेही नको. म्हणजे कथेत जे माणसाला माणूस करते तेच उरत नाही. जादू लिहिणाऱ्याने प्रत्येक शक्तीला हा प्रश्न विचारावा की, तिच्यामुळे कोणाचे काम संपले.

प्रश्न : शिवाजी महाराज किंवा बाजीराव यांना आपण अद्भुत कादंबरीत का आणत नाही? मुलांना ते आवडेल.
– एक शिक्षक, मुकुंदनगर

उत्तर : जे होऊन गेले त्यांच्या तोंडी मी माझी वाक्ये घालत नाही. दहा वर्षांच्या वाचकाच्या मनात ते वाक्य पुराव्यासारखे बसते आणि पुढे ते पुसणे कोणालाच जमत नाही.

प्रश्न : ताई, मी तेरा वर्षांचा आहे आणि मला एका राज्याची गोष्ट लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : सुट्टीत मोडी शीक, पुण्यात तिचे वर्ग भरतात. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग हात शक्यतो न उचलता लिहितात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो, त्यामुळे एक ओळ लावायला कधी अर्धा तास जातो. ती सवय लिहितानाही उपयोगी पडते. राज्याचा राजा आणि शत्रू तूर्त बाजूला ठेव. तुझ्या घरापासून पर्वतीपर्यंत चालत जा आणि किती वेळ लागला तो वहीत लिही. पायथ्याशी आज सारसबाग आहे, तिथे पूर्वी आंबील ओढ्याच्या पाण्याचे तळे होते, हे लक्षात ठेवून आजूबाजूचा उतार पाहा. मग तुझ्या राज्याचा नकाशा काढ आणि मला पाठव. राजधानीतल्या लोकांना पाणी कुठून मिळते, हे त्यात दाखवलेले असू दे.