पीएचपीत मायएसक्यूएल या डेटाबेसमधून आलेली तारीख आणि रक्कम क्वेरीतच फॉरमॅट करावी की पानावर दाखवताना?

पानावर दाखवताना. क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीतून, तारीख तारीख म्हणूनच आणि आकडा आकडा म्हणूनच बाहेर आला पाहिजे. यावरून मी 2011 साली भांडलो आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा खातेउतारा करायचा होता. क्वेरी सीनियरची. त्यांनी डेट_फॉरमॅट या मायएसक्यूएलच्या फंक्शनने तारीख दिवस-महिना-वर्ष अशी करून तिला पुन्हा मूळ कॉलमचंच नाव दिलं, आणि शेवटी त्याच नावावर ऑर्डर बाय, म्हणजे क्रम लावायची सूचना. मायएसक्यूएल ऑर्डर बायमध्ये आधी सिलेक्टमधलं नाव बघतं, टेबलातला कॉलम नंतर. त्यामुळे क्रम लागला तो अक्षरांचा: 01-04 च्या खाली 01-05, मग 01-06, आणि 02-04 कुठेतरी पुढच्या पानावर. रकमेतही मायएसक्यूएलचंच फॉरमॅट फंक्शन वापरून स्वल्पविराम घातलेले. पीएचपीच्या लूपमध्ये (एकेक ओळ घेत जाणाऱ्या कोडमध्ये) बेरीज करताना '12,500.00' मधले स्वल्पविरामाआधीचे 12 तेवढे धरले गेले, '8,200.00' मधले 8. एक पेन्शनर आजोबा तो कागद घेऊन काउंटरवर आले. जमा दोन, 12,500 आणि 8,200. खाली एकूण जमा 20. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. लूप माझा होता, बोलणी मी खाल्ली. सीनियर शेवटपर्यंत म्हणत राहिले, "डेटाबेसला येतं ते पीएचपीत कशाला करायचं?" तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. बेरीज हवी तर क्वेरीत सम हे बेरजेचं फंक्शन वापरा, त्यात डेटाबेस खरंच तरबेज आहे. सजावट त्याच्याकडे देऊ नका.

तुम्ही पीडीओने (डेटाबेसशी बोलायची पीएचपीची सोय) क्वेरी प्रिपेअर करून एक्झिक्यूट करा आणि लूपमध्ये ओळी घ्या. तारखेसाठी पीएचपीचा डेटटाइम क्लास. रकमेला पीएचपीचं नंबर_फॉरमॅट नको, ते तीन-तीन आकड्यांवरच तोडतं आणि सव्वा लाखाचे 125,000 दिसतात. पीएचपीचं इंटल एक्स्टेंशन (भाषा-देशानुसार फॉरमॅट करणारी जोड) चालू करून त्यातला नंबरफॉरमॅटर घ्या: एन_आयएन (भारतीय इंग्रजी) दिलं की 1,25,000 येतात, एमआर_आयएन (मराठी) दिलं की आकडे देवनागरीत. खातेदारांची नावं पानावर छापताना एचटीएमएलस्पेशलचार्स या फंक्शनमधून जाऊ द्या, म्हणजे त्यातली चिन्हं एचटीएमएल म्हणून धरली जाणार नाहीत. समोर मायएसक्यूएल_क्वेरीवालं जुनं उदाहरण असेल तर सोडून द्या, पीएचपी 7 पासून ते फंक्शनच नाही.

महिनावार गोषवाऱ्यात ग्रुप बायसाठी (ओळींचे गट पाडण्यासाठी) डेट_फॉरमॅट वापरलं तर माझी हरकत नाही. फक्त वर्ष आधी, महिना नंतर ठेवा, आणि त्या कॉलमला वेगळं नाव द्या.